बाहीखालचा ग्रह

मे महिना लागला की आमच्या घरासमोरच्या मंगल कार्यालयाच्या अंगात येतं. सकाळी आठला सनई, साडेअकराला मंगलाष्टकं, आणि दुपारी दोनला, कात्रजच्या टेकड्या उन्हाने पांढऱ्या पडलेल्या असताना, वरातीचा बँड. हौसेला मोल नसतं म्हणतात, ठीक आहे, पण आमच्या कानांना आहे. मी खिडकी लावून घेतो, मग उकडतं म्हणून उघडतो, आणि उघडली की खालची माणसं बघत उभा राहतो.

त्या गर्दीत एखादी मुलगी मनगटापर्यंत बाह्या असलेला कुडता घालून आलेली दिसली की माझी नजर तिथेच अडकते. फॅशन असेल, उन्हासाठी असेल, तिची मर्जी. चार वर्षं झाली, पण तो मे काही सुटत नाही.

हे लिहायला घेण्याआधी बहिणीला फोन केला. विचारून करावं, एवढं आता शिकलोय. ती नाशिकला असते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. म्हणाली, "लिही. नाव बदल. आणि स्वतःला फार चांगला दाखवू नकोस." नाव बदललंय, वृंदा ठेवलंय. तिचं लग्न झालं का, असं तुम्ही विचारणारच, आपल्याकडे विचारतातच, म्हणून सांगून टाकतो : झालं, आणि त्याचा या लेखाशी काडीचाही संबंध नाही. दुसरी सूचना कितपत पाळता येते ते बघू.

मी ग्रह बनवतो. हडपसरला एका छोट्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर अंतराळाची चित्रं करतो. लोकांना वाटतं, गोल काढायचा आणि रंगवायचा. गोल काय, कॉम्प्युटर क्षणात देतो. खरं काम त्याच्या सालीचं. आमच्यात तिला टेक्स्चर म्हणतात, आईला समजावताना मी साल म्हणायचो. शाळेच्या भिंतीवर पृथ्वीचा नकाशा असतो ना, उंचीच्या दुप्पट रुंद, तसं एक सपाट चित्र करायचं आणि ते गोळ्याला गुंडाळायचं. डावी कड उजवीला बिनचूक जुळली पाहिजे, नाहीतर ग्रहाला उभी शिवण दिसते. ध्रुवांपाशी सगळं गोळा होतं, पिशवीच्या तोंडाशी कापड गोळा होतं तसं, तेही निस्तरायचं. आणि मुख्य म्हणजे चित्रात सावली असता कामा नये. "सावली तुम्ही पाडू नका," आमचे देवधर सर म्हणायचे, "त्यासाठी सूर्य नेमलाय आपण." देवधर सर म्हणजे स्टुडिओचे मालक. पन्नाशीचे, बारीक, आणि कौतुक करताना दात दुखत असल्यासारखा चेहरा करणारे.

त्या वर्षी शहराबाहेरच्या एका शाळेने घुमट बांधला होता. खुर्चीत रेलून वर बघायचं आणि डोक्यावर आकाश. त्यासाठी आम्ही सात काल्पनिक ग्रहांचा कार्यक्रम करत होतो. सातही साली माझ्याकडे. नीट झालं तर पुढचा घुमट पूर्ण माझ्या हाताखाली, असं सर म्हणाले होते, आणि तेही दात दुखल्यासारखंच.

सालींसाठी मी पुणं पालथं घातलं. कॉम्प्युटरने आपोआप काढलेले डाग दोन मिनिटांत ओळखू येतात, खऱ्या वस्तूवरचे येत नाहीत. म्हणून कॅमेरा घेऊन फिरायचो. बुधवार पेठेत एका दुकानाच्या शटरवर असा काही गंज चढला होता की मी हरखलोच. दुकानदाराने विचारलं, "काय हवंय?"

"काही नाही, शटरचा फोटो काढतोय."

"शटर विकायचं नाहीये," ते म्हणाले आणि आत गेले.

तो पहिला ग्रह. दुसरा आमच्या डोशाच्या तव्याच्या बुडाचा. तिसरा वायूचा ग्रह, त्याच्यासाठी परातीत दूध ओतून त्यात शाई सोडली आणि टूथपिकने ढवळली. आई दारात उभी राहून बघत होती. "दुधात पाणी घालणारे पाहिले होते," एवढंच बोलली. मजा होती हो त्या कामात. अजूनही आहे. चोरून सांगतो, रस्त्यावर उखडलेला रंग दिसला की मी अजूनही थांबतो.

घोडं अडलं चौथ्या ग्रहावर. त्यावर जमीन आणि समुद्र हवे होते. जमीन सोपी, समुद्रही सोपा, पण दोघांमधला किनारा मला काही केल्या जमेना. किनारा ना सरळ असतो, ना नुसता वेडावाकडा. तो कुठे गुळगुळीत जातो, कुठे फाटतो, मध्येच दोन-चार बेटं सोडतो. माझे किनारे सगळीकडे सारखेच फाटायचे. सरांनी चार वेळा परत पाठवला. पाचव्या वेळी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अहो कलाकार, हा ग्रह आहे की सनमायका?" सगळा स्टुडिओ हसला. मीही हसलो आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

घरीही तेव्हा ग्रहांचंच चाललं होतं. आई वृंदासाठी स्थळं बघत होती. टेबलावर पत्रिका, फोटो, बायोडाटा. बाबा गेल्यापासून हे काम तिने एकटीने अंगावर घेतलं होतं, आणि ती ते ऑफिसला जावं तसं रोज दहा ते बारा करायची.

वृंदाला कोड होतं. डाव्या हातावर, कोपरापासून खाली, आणि थोडं खांद्यावर. आईच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही. ती 'तिचं ते' म्हणायची. घराबाहेर, आमची डॉक्टर सोडली तर, तो हात कुणी पाहिलेला नव्हता. कॉलेजात नाही, नातेवाइकांत नाही. मे महिन्यात प्रयोगशाळेत बर्नर पेटलेले असताना वृंदा पूर्ण बाह्यांत उभी राहायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, मला थंडी फार.

"मला लपवून लग्न करायचं नाहीये, आई."

"लपवायचं कोण म्हणतंय? फक्त आधी सांगायचं नाही, एवढंच."

"मी सांगेन. पण कधी आणि कुणाला ते माझं मी ठरवेन."

हा संवाद घरात रोज व्हायचा, कधी पोळ्या लाटताना, कधी दोघी आंबे पुसत बसलेल्या असताना. मी मध्ये पडत नव्हतो. मी शहाणा भाऊ. माझं काम फक्त फोटोचं.

कारण डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, दर महिन्याला फोटो ठेवा. जागा तीच, वेळ तीच, शेजारी मोजपट्टी, आणि सावली अजिबात नको, सावली पडली की डाग कुठे संपतो ते कळत नाही. सावलीशिवाय फोटो काढणं हा तर माझा धंदाच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता माझ्या खोलीच्या उत्तरेच्या खिडकीत वृंदा यायची, बाहीचं बटण काढायची, उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर हात ठेवायची. मी लेन्स पुसायचो, प्रकाश बघायचो. "जरा वळव. अजून. हां, हलू नकोस." ती हलायची नाही. वीस महिन्यांचे वीस फोटो माझ्या कॉम्प्युटरवर होते, एकाहून एक स्वच्छ. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, असे फोटो कुणी आणत नाही. मी फुशारलो होतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं. सनमायकाच्या दुसऱ्या दिवशी काहीतरी शोधताना तो फोल्डर उघडला गेला. फेब्रुवारीचा फोटो. आणि समोर माझा किनारा. कुठे गुळगुळीत, कुठे फाटलेला. पांढऱ्याच्या मध्यभागी गव्हाळ ठिपक्यांची रांग, लहान-मोठी बेटं. मला मुद्दाम सांगितलं पाहिजे की मी क्षणभरही थबकलो नाही. थबकलो असतो तर आज सांगायला बरं वाटलं असतं. मी गव्हाळाचा तांबूस केला, पांढऱ्याचा निळा केला, कडा जुळवल्या, ध्रुव निस्तरले. दोन तासांत झालं. सरांनी ग्रह फिरवून बघितला, पुन्हा फिरवला, आणि त्यांचे दात दुखायचे थांबले. "हे कुठून आणलंत?"

"निरीक्षण, सर," मी म्हणालो.

घरी येताना बसमध्ये, वृंदाला काय सांगायचं, हे पहिल्यांदा मनात आलं. मग मी स्वतःची समजूत घालू लागलो. निळा हात कोण ओळखणार? ताणलाय, गुंडाळलाय, रंग बदललेत. त्यात नाव नाही, चेहरा नाही. आणि सुंदरच तर दिसतोय ना, त्यात तिचा अपमान कुठे आहे? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं. कार्यक्रमाला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत वृंदा खोलीत आली की मी स्क्रीन बंद करायचो. ती हसून म्हणायची, "सरप्राइज ठेवतोयस का?" रोज ठरवायचो, आज सांगू. रोज आई टेबलावर पत्रिका मांडून बसलेली असायची आणि मी ठरवायचो, आज नको.

कार्यक्रमाचा पहिला खेळ शनिवारी सकाळी अकराला, फक्त शाळेचे शिक्षक, पालक, मुलं आणि आमच्या घरचे यांच्यासाठी. सर्वांसाठी खुला पुढच्या शनिवारपासून. रविवारी हडपसरहून एक स्थळ बघायला येणार होतं, म्हणून आई घर आवरायला थांबणार होती. मी वृंदाला म्हणालो, "तूही राहा. तुला कंटाळा येईल. लहान मुलांचं आहे."

"तुझं काम आहे दादा. मी रजा टाकलीय."

घुमटात माझ्या उजव्या बाजूला ती बसली. अंधार झाला. पहिला ग्रह आला, तिने कुजबुजत विचारलं, "हे ते शटर ना?" दुसऱ्याला, "तवा!" तिला सगळे ओळखू येत होते. मला वाटत होतं की वीज जावी. मे महिन्यात कात्रजला रोज जाते, पण घुमटासाठी जनरेटर लावला होता.

चौथा ग्रह डावीकडून उगवला आणि आख्खा घुमट व्यापून राहिला. मुलं एकदम ओरडली, "भारी!" पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "अगंबाई, किती सुंदर." सूत्रधाराचा आवाज, हे जग अजून कुणी पाहिलेलं नाही, असं काहीतरी सांगत होता. दीडशे माणसं माना वर करून बघत होती. मी वर बघितलंच नाही. मी वृंदाच्या हाताकडे बघत होतो. तो खुर्चीच्या कडेवर होता. तिने दुसऱ्या हाताने बाहीचं टोक धरलं आणि बोटांपर्यंत खाली ओढलं. पाचवा, सहावा, सातवा ग्रह, ती काही बोलली नाही.

बाहेर उन्हात सर भेटले. खुशीत होते. "तुम्ही यांच्या भगिनी? चौथा ग्रह कसा वाटला? कुठून आणला ते काही सांगत नाहीत हे."

"ओळखीचा वाटला," वृंदा म्हणाली.

सर हसले. मला वाटलं, आता ती बाही वर करणार. तिने केली नाही. नमस्कार केला आणि स्कूटरकडे चालायला लागली.

परत येताना ती मागे बसली होती, पण मला टेकणार नाही एवढ्या अंतरावर, आणि गतिरोधक आला तरी तिने माझा खांदा धरला नाही. कात्रजच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मी मान वळवून म्हणालो, "वृंदा, अगं ऐक ना..." ती म्हणाली, "हिरवा झालाय." झाला नव्हता.

घरी आल्यावर ती सरळ माझ्या खोलीत आली, दार लोटून म्हणाली, "दाखव." मी ती साल उघडली, सपाट, न गुंडाळलेली. मग मूळ फोटो उघडला. तिने बटण काढलं, बाही कोपराच्या वर सारली आणि हात स्क्रीनच्या शेजारी धरला. किती तरी वेळ ती एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"गप्प बस. ही बेटं बघ."

मी स्क्रीनकडे बघितलं.

"डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? रंग परत यायला लागला की असे ठिपके येतात. मी रोज मोजायचे. फेब्रुवारीत अकरा होते." तिने हात माझ्या तोंडासमोर आणला. "आता मोज."

एकही नव्हता. कोपरापासून मनगटाच्या दोन बोटं अलीकडेपर्यंत सगळं पांढरं होतं.

"मार्चपासून जातायत. मार्चचा फोटो तू काढलास, एप्रिलचा तू, मेचा तू. हलू नकोस म्हणालास, मी हलले नाही. दादा, वीस महिने फोटो काढलेस, एकदा तरी बघितलंस का, की हे वाढतंय?"

मला रडू आलं. तिला आलं नाही. ती बटण लावत म्हणाली, "काढून टाक," आणि आईला पडदे बदलायला मदत करायला गेली.

रविवारी चौघं आली. पोहे झाले, चहा झाला. मुलगा बरा होता, सारखा पायाकडे बघत होता. वृंदाने कप खाली ठेवला, सगळ्यांसमोर बाही वर केली आणि म्हणाली, "मला कोड आहे. वाढतंय." मुलाच्या आईने, "चेहऱ्यावर नाही ना?" एवढं विचारलं, मुलगा पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे बघत राहिला, आणि मग कळवतो म्हणून ती मंडळी गेली. कळवलं नाही. आई डोक्याला हात लावून बसली. "अगं, निदान मला तरी विचारायचंस. एकदम काय हे?"

"काल दीडशे जणांनी बघितलाय, आई. आज चौघांनी."

आईला काही समजलं नाही. मला समजलं. सांगायची वेळ ती स्वतः निवडणार होती, ती मी हिसकावून घेतली होती.

सोमवारी मी सरांना म्हणालो, चौथा ग्रह काढायचाय. त्यांना आधी थट्टा वाटली. मग चष्मा कपाळावर गेला. "कारण?"

कारण सांगितलं असतं तर सरांनी मला समजून घेतलं असतं, अशी माझी आजही खात्री आहे. कदाचित पाठही थोपटली असती. पण कारण सांगायचं म्हणजे वृंदाचा हात पुन्हा एकदा तिला न विचारता टेबलावर मांडायचा. रविवारी तिने चौघांना दाखवला तो तिचा निर्णय होता, सर त्यात नव्हते.

"चोरीचा आहे, सर."

"कुणाचा?"

मी बोललो नाही. त्यांना वाटलं असणार, इंटरनेटवरून कुणा कलाकाराचं काम उचललंय. वाटू दिलं. "निरीक्षण म्हणाला होतात," ते म्हणाले. ओरडले असते तर परवडलं असतं. पाच दिवसांत मी गळक्या छताच्या डागांवरून दुसरा चौथा ग्रह केला. किनारा यथातथाच. शेवटच्या नामावळीतून माझं नाव गेलं, पुढचा घुमट दुसऱ्याकडे गेला, आणि पुढे दोन वर्षं माझ्या प्रत्येक सालीला सर विचारत, "ही कुठली?" मी सांगत असे : एसटी स्टँडची भिंत. पाण्याची टाकी. बरोबरच होतं त्यांचं.

अलीकडे एक विचार मनातून जात नाही. ग्रहाची साल बनवणाऱ्याला पृष्ठभाग बघायची सवय लागते, आणि ती सवय म्हणजेच नजर आहे असं त्याला वाटायला लागतं. कडा स्पष्ट आहे का, प्रकाश सारखा आहे का, कुठे धूसर तर नाही. वीस महिने मी तिचा हात इतक्या जवळून आणि इतक्या नीट बघितला की तो तिचा आहे हेच माझ्या ध्यानात राहिलं नाही. चोरी वाईट, पण ती दोन तासांची. हे वीस महिन्यांचं.

वृंदाला मी एवढंच सांगितलं, "काढला." ती पेपर तपासत होती. "बरं," म्हणाली. माझं नाव गेल्याचं तिला फार नंतर आईकडून कळलं. तीन आठवडे आमच्यात मीठ दे, रिमोट दे, एवढंच बोलणं होतं.

जूनचा पहिला रविवार आला. मी कॅमेरा कपाटातून काढलाच नव्हता. ती येणार नाही हे गृहीतच होतं, आणि बोलवायला माझं तोंड नव्हतं. अकराच्या सुमाराला दार वाजलं. वृंदा आत आली, बाही सोडवत खिडकीशी बसली. मी घाईने उठलो, कपाट उघडलं, कॅमेरा हातात घेतला.

"तो ठेव," ती म्हणाली. "आधी नुसतं बघ."

मी कॅमेरा ठेवला. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. कुठे बघायचं तेच कळेना, हात तर समोर होता. पांढऱ्या भागावरची लव पांढरी झाली होती, हे मला नवीन होतं. मनगटाची हिरवी शीर भराभर उडत होती. हाताला बारीक कंप होता. माझ्या कॅमेऱ्यासमोर कधीही न हललेला हात. डाग मनगट ओलांडून तळहाताच्या मागे, अंगठ्यापर्यंत पोहोचला होता. तिथे बाही पोहोचत नाही.

"वाढलंय," मी म्हणालो.

"हो," वृंदा म्हणाली, आणि तिने त्या मे महिन्यानंतर पहिल्यांदा मोकळा श्वास सोडला.